तीन दातांची फणी

मोखोत्लाँगच्या वर, जिथून पुढे रस्ता
घोड्याला विचारून मगच वळतो,
तिथे आमची शाळा. दगडी भिंती, पत्रा,
आणि एक फळा,
पुसून पुसून करडा झालेला.

मोत्लात्सी शेवटच्या बाकावर.
मीच बसवला होता.
उंच होता, आणि लक्ष नसायचं त्याचं.
तीन वर्षं प्रगतिपुस्तकात तेच लिहिलं मी,
'लक्ष नाही',
सुबक अक्षरात, खाली सही.

मेंढरं मात्र चुकायची नाहीत.
कुणाचा खूर दगडावर कसा वाजतो,
कोण खोकतं, कोण गवत तोडताना फुरफुरतं,
शहाऐंशी मेंढरं तो ऐकून मोजायचा
आणि अंधार पडायच्या आत कोंडायचा.
त्याने कानांचे डोळे केले होते.
मी केला कानाडोळा.

ऑगस्टात सिस्टर पुलाने आली,
पीचची झाडं गुलाबी, मागे डोंगरावर अजून बर्फ.
पिकअपमधून एक पेटी उतरवली,
भिंतीवर तक्ता टांगला,
वीस पावलं मोजून चुन्याची रेघ मारली.
तक्त्यावर एकच आकृती, तीन दातांची फणी,
कधी आडवी, कधी उताणी,
खाली खाली लहान होत जाणारी.
दात कुठे? वर. दात कुठे? डावीकडे.
मुलं हातांनी दाखवत होती.

मोत्लात्सीचा नंबर बाविसावा.
रेघेवर उभा राहिला, घोंगडी खांद्यावर,
आणि धडाधड सांगत सुटला,
उजवीकडे, वर, खाली, खाली, डावीकडे,
शेवटच्या ओळीपर्यंत. एकही अडखळ नाही.
मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू,
वाटला.

सिस्टर काही बोलली नाही.
उठली, तक्ता उलटा टांगला,
'पुन्हा सांग.'
त्याने पुन्हा सांगितलं.
तेच. त्याच क्रमाने.
एकवीस मुलांच्या तोंडून ऐकून पाठ झालेलं.

वर्ग हसला.
त्याने टोपी काढली आणि तिच्यात पाहत राहिला,
जसं आत काहीतरी लिहिलेलं असावं.

चष्मा सहा आठवड्यांनी आला,
साखरेच्या कागदात गुंडाळून, घोड्यावरून.
सोबत चिठ्ठी : दोन्ही डोळे, उणे पाच.
'उणे?' त्याने विचारलं, 'म्हणजे माझ्यातून
पाच कुणी नेले?'
वजाबाकी मीच शिकवली होती,
उत्तर मात्र आलं नाही.

काड्या कानांवरून घसरत होत्या,
मी लोकरीचा धागा बांधून दिला.
त्याने आधी फळा पाहिला. मग छताचं भोक.
मग मला, बराच वेळ.
'बाई, तुमच्या तोंडावर रेघा आहेत,' म्हणाला.
'मला वाटायचं, तुम्ही अजून
पोरगीच आहात.'

सगळं आवडलं असं नाही त्याला.
पूर्वी घरचा कंदील म्हणे फुलासारखा
खोलीभर उमलायचा,
आता नुसती वात. काच फुटकी.
चांदणंही बारीक झालं, टोचल्यासारखं.
रात्री तो चष्मा काढतो,
जुनं आकाश थोडा वेळ पाहतो
आणि परत घालतो.
कारण मेंढरांना चेहरे असतात,
हे त्याला नव्यानेच कळलंय,
आणि एकीच्या डोळ्यात
कधीपासून कुसळ होतं, तेही.

तक्ता सिस्टर इथेच विसरली.
शाळा सुटल्यावर एकदा
मी चुन्याच्या रेघेवर उभी राहिले,
एक डोळा झाकून.
शेवटची ओळ पटापट म्हटली,
एकही न चुकता.

मग आठवलं,
तीस मुलांच्या तोंडून
मीही ऐकली होती ती.

जाऊन तक्ता उलटा टांगला.
परत रेघेवर आले.
समोर भिंत, भिंतीवर
काहीतरी काळं, बारीक,
मुंग्या असाव्यात तसं.